चप्पल न काढणारा पेशंट

भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर आसगावचे एक म्हातारबा होते. सकाळी मोतीबिंदू काढून त्यांना संध्याकाळी घरी जायचं होतं. पण रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी थांबवून घेतलं.

"बाबाजी, तुमाले भरती करा लागते," सिस्टर म्हणाल्या.

"भरती नोको म्हणू, बाई! सारा गाव ट्रॅक्टर भरून मले पाहाले येईन. उद्या नातीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. कार्यक्रमच मोडंल!"

"बरं, नुसतं देखरेखीखाली ठेवते."

म्हातारबांनी दरबारी थाटात मान हलवली. पण चप्पल काढली नाही. पाय खाली सोडून बसूनच राहिले.

दुसऱ्या दुपारी ट्रॅक्टर आलाच. सर्वांत आधी पाहुणे उतरून खाटेपाशी आले. "पोरीले पाहून आलो, बाबाजी. पसंत हाये."

म्हातारबांनी चप्पल काढली, ऐसपैस आडवे झाले आणि सिस्टरला म्हणाले, "आता कर भरती."