नाव खरवडलेली गिटार

गिटार घेतली तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि मला एक सूर धड काढता येत नव्हता. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घर एकदम शांत झालं, आणि कधीपासून मनात होतं ते आता करू म्हणून मी जुनी गिटार शोधायला लागले. एका ॲपवर बंगळुरूतल्याच के. आर. पुरमची जाहिरात दिसली. विकणारी मुलगी नागपूरची निघाली. नोकरी बदलून ती गावाकडे परत चालली होती, घरभर खोके पडलेले.

"माळ्यावर होती, काकू. आधीच्या कुणा भाडेकरूची असणार," ती म्हणाली. "खाली घरमालक राहतात. माळा रिकामा करून द्या म्हणालेत."

बेळगावहून बंगळुरूला येऊन मला वीस-एक वर्षं झाली, तरी अनोळखी माणूस मराठी बोललं की माझा लगेच विश्वास बसतो. मी गिटार घेऊन आले. तारा गंजल्या होत्या. नव्या आणल्या, व्हिडिओ बघून चढवल्या, फोनवरच्या ॲपनं सूर लावला, आणि रोज स्वयंपाक उरकला की बोटं दुखेपर्यंत वाजवू लागले.

मग एका रविवारी पुसताना लक्षात आलं, हिच्यावर कुठंच काही लिहिलेलं नाही. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तयार पार्ट तपासायचं काम करते. नंबर नसलेली वस्तू हातात आली की मला चैन पडत नाही. मी गोल भोकाशी फोन धरला, टॉर्च लावून आतले फोटो काढले. आत ना कंपनीची चिठ्ठी, ना शिक्का. दांड्याच्या टोकाला, जिथं नाव असतं तिथं, पॉलिशखाली खरवडल्याच्या खुणा मात्र होत्या.

इंटरनेटवर शोधायला लागले. टोकाच्या आकारावरून कधी ती जपानी वाटायची, कधी युरोपातली. पण मागचं लाकूड पिवळसर तपकिरी होतं, ते कुठल्याच फोटोशी जुळेना. शेवटी गिटारवाल्यांच्या एका ग्रुपवर मी फोटो टाकले. एकानं उत्तर दिलं, 'लाकूड फणसाचं दिसतंय. वीणेला वापरतात. अशी कुठलीच कंपनी मला माहीत नाही.' त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, 'नाव घासून काढलंय म्हणजे माल बहुधा चोरीचा. जपून.'

ते वाचलं आणि मी हातातली गिटार खाली ठेवली. त्या मुलीला फोन लावला, तर नंबर बंद.

"तिनं सिम बदललं असेल," नवरा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण तू ती परत का देत नाहीस?"

"कुणाला देऊ?"

मी गिटार कपाटामागे उभी करून ठेवली. वाजवायला घेतली की कुणाच्या तरी घरातली वस्तू न विचारता वापरतेय असं वाटायचं, आणि रात्री झोपही धड लागेना.

पण हात स्वस्थ बसेनात. दांड्याच्या टोकाशी एक छोटी झाकणी होती, ती एके दिवशी उघडली. आत दांड्यातली सळई आवळायचा पितळी नट होता. त्याच्यावर लेथच्या हत्याराच्या बारीक गोल रेघा दिसत होत्या. असे नट मी रोज हाताळते. हा कंपनीत हजारांनी निघालेला नव्हता, कुणीतरी लेथपाशी उभं राहून हा एकच बनवला होता. म्हणजे गिटार कुठल्या कंपनीची नव्हतीच. कुणीतरी ती स्वतः तयार केली होती. मग त्या माणसानं नाव का खरवडावं?

पुढच्या रविवारी गिटार पाठीला लावून मी मेट्रोनं के. आर. पुरमला गेले आणि वरच्या मजल्याऐवजी खालची बेल वाजवली. सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थांनी दार उघडलं. हेच घरमालक. मी कानडीत माळ्याचं, त्या मुलीचं सगळं सांगितलं आणि गिटार बाहेर काढली.

त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "ही माझी आहे."

मी घाईघाईनं म्हटलं, "सर, मला खरंच माहीत नव्हतं. तुमची आहे तर ठेवून घ्या."

"स्वल्प थांबा, अम्मा. बसा." त्यांचं लक्ष तारांकडे होतं. "तुम्ही या पूर्ण ताणल्यात?"

"हो. ॲपनं सांगितलं तेवढ्या."

"किती दिवस झाले?"

"महिना होऊन गेला."

ते उठले आणि टेबलाच्या खणातून स्टीलची पट्टी घेऊन आले. पट्टी दांड्यावर उभी धरून गिटार खिडकीच्या उजेडात नेली. मीही शेजारी जाऊन वाकून बघितलं. पट्टीखालून केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती.

"आमच्याकडे हा पार्ट रिजेक्ट झाला असता," मी न राहवून बोलले.

ते पहिल्यांदा हसले. "गिटारीला तेवढी लागते. तार हलायला जागा नको?" मग तारा ज्या लाकडी घोडीला अडकवलेल्या असतात, तिच्या मागच्या कडेखाली त्यांनी कागद सरकवून पाहिला. कागद कुठंच आत गेला नाही, म्हणजे घोडी जरासुद्धा उचलली गेली नव्हती. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि ते खुर्चीत बसले.

मग त्यांनी सांगितलं. तेही पीण्यातच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, होते. हौसेनं एक गिटार बनवली, तिच्यावर स्वतःचं नाव कोरलं, आणि कारखान्यात दसऱ्याच्या आयुधपूजेच्या कार्यक्रमात एका मित्राला वाजवायला दिली. गाणं ऐन रंगात आलं असताना घोडी तारांसकट उखडून उडाली. पुढं निवृत्त होईपर्यंत लोक त्यावरून चिडवत राहिले. ही दुसरी.

"नाव हिच्यावरही कोरलं होतं. मग म्हटलं, ही पण तुटली तर? खरवडून टाकलं. तारा लावल्या, पण पूर्ण ताण द्यायचा धीर झाला नाही." गुडघे दुखायला लागले तसे ते वरून खाली राहायला आले. गिटार माळ्यावरच राहिली, आणि कुणीतरी ती कचऱ्यात टाकली असणार असं ते धरून चालले होते.

"वाजवा," ते म्हणाले.

मला तीनच कॉर्ड येत होते, त्यातलाही एक अडखळत. तेवढे वाजवले. ते डोळे मिटून नव्हे, घोडीकडे टक लावून ऐकत होते. ती जागची हलली नाही.

"सरी," ते हळूच कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "छान वाजते की."

मी गिटार त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हातानंच नको म्हटलं. "माझ्याकडे आली तर परत माळ्यावर जाईल. तुमच्याकडे राहू दे. उन्हात ठेवू नका, एवढंच."

परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. गिटार गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, कुठल्या कंपनीची? मी म्हटलं, कंपनीची नाही, एका ओळखीच्यांनी बनवलीय. आणि किती तरी दिवसांनी मला बसल्या जागी गाढ झोप लागली, ती थेट माझं स्टेशन मागे गेल्यावर मोडली.