भिंतीबाहेरच्यांचे फादर

शांताबाईंचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या भाजीबाजारात होते. गर्दीत नीट ऐकू येत नव्हतं. "मॅडम, फादर गेले आपले," एवढंच त्या म्हणाल्या. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. अकोल्याच्या दवाखान्यात फादर मनवेल दोन महिने पडून होते, मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं, म्हणजे बातमी अनपेक्षित नव्हती. तरीही मी हातातली मेथीची जुडी परत ठेवून दिली आणि तशीच घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांना नांदगाव खंडेश्वरच्या पुढे असलेल्या त्या लहानशा ख्रिस्ती वस्तीत आणलं. तिथे त्यांनी आयुष्याची वीसेक वर्षं काढली होती आणि तिथेच मातीत जायची त्यांची इच्छा होती. आता त्याला काही आठवडे झाले. लिहावं की नाही, या विचारात इतके दिवस गेले. कारण फादरांविषयी लिहायचं म्हणजे योसेफ मास्तरांविषयी लिहावं लागतं, आणि ते सोपं नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. एका व्याख्यानात मी म्हणाले, की वऱ्हाडातल्या जुन्या दुष्काळात मिशनऱ्यांनी उपाशी माणसांना ज्वारी दिली आणि बदल्यात त्यांचा धर्म घेतला. शेवटच्या रांगेतून पांढऱ्या झग्यातला एक उंच, वाळका माणूस उठला. मला वाटलं, आता हे चिडणार. ते म्हणाले, "तुम्ही सांगता ते बऱ्याच अंशी खरं आहे. मला एवढंच विचारायचंय, की दुष्काळ संपल्यावर, पोट भरल्यावरही ती माणसं तिथेच का राहिली?" नंतर चहा पिताना ते म्हणाले, "भाकरीसाठी देवाकडे आलेल्या माणसाला आपण हलकं समजतो. पण आमच्या वेदीवर दुसरं काय असतं? भाकरच असते. तीच ख्रिस्ताचं शरीर म्हणून आम्ही घेतो." फादर मूळचे वसईचे. केळीच्या बागा आणि विहिरींच्या मुलखातला हा माणूस काळ्या मातीत, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात येऊन राहिला होता. त्यांची मराठी पुस्तकी, जपून बोललेली. वस्तीतल्या बायाबापड्यांना त्यांचं प्रवचन अर्धंच कळायचं.

उरलेलं अर्धं योसेफ मास्तर समजावून सांगत. मास्तर म्हणजे वस्तीतले धर्मशिक्षक, चाळिशीचे. गळ्यात रुमाल, बोलताना हसण्याची सवय. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, फादरांचं प्रवचन संपलं की मास्तर बाजूला उभे राहून तेच वऱ्हाडीत सांगत, आणि लोक खरं तर त्यासाठीच थांबलेले असत. मी एकदा बसले होते तेव्हा फादर निराशेवर बोलले. निराशा हे गंभीर पाप आहे, देवाच्या दयेवरचा विश्वास टाकणं म्हणजे दार आतून बंद करून घेणं, असं काहीसं. मास्तर उठले, क्षणभर खाली पाहिलं आणि म्हणाले, "लोकहो, फादर म्हणून राहिले का, लय जड झालं तं कोणाले तरी सांगा. एकटं राहू नका." फादरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मास्तरांचं भाषांतर आज जरा घसरलं."

ती वर्षं वऱ्हाडात कुणालाच विसरता येणार नाहीत. पेपरात रोज एका शेतकऱ्याची आत्महत्या, रोज एक गाव, रोज एक नाव. फादर आणि मास्तर मोटारसायकलवर बसून त्या घरांत जायला लागले. घर कुणाचं, कोणत्या धर्माचं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. काही ठिकाणी लोकांनी संशय घेतला, बाटवायला आले म्हणून हाकलून दिलं. ते दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. फादर बसून राहत, बोलायचं काम मास्तरांचं. मेलेल्याच्या आईजवळ, बायकोजवळ ते त्यांच्याच बोलीत बोलत, लेकरांना हसवत. फादरांचं त्या काळातलं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय. ते म्हणाले, "मला एकेका माणसाची पापं ऐकायला शिकवलं गेलं. तो गुडघे टेकतो, मी क्षमा सांगतो. पण ज्या पापात बियाणं विकणारा आहे, भाव पाडणारा आहे, तुम्ही-मी आहोत, ते पाप गुडघे टेकायला कुणाला पाठवणार?" आणि एकदा, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, चर्चच्या पायरीवर बसून म्हणाले, "लोक शुक्रवार पाळतात, कारण त्या दिवशी येशू मरतो. रविवार पाळतात, कारण तो उठतो. मधल्या शनिवारी काहीच घडत नाही. देव मेलेला असतो आणि उद्याचं कुणाला माहीत नसतं. वऱ्हाडात सध्या शनिवार चालू आहे, मॅडम… आणि तो संपत नाही."

मग एका नोव्हेंबरात, कापूस वेचणी चालू असताना, योसेफ मास्तरांनी स्वतःला संपवलं.

मला आजही ते वाक्य लिहिताना थांबावं लागलं. आदल्या दिवशी ते फादरांबरोबर एका घरी जाऊन आले होते. संध्याकाळी घंटा वाजवली, जेवले, मुलीची वेणी घालून दिली. सकाळी शेतात गेले आणि परत आले नाहीत. कारण काय, हे पोलीस विचारून गेले, तलाठी विचारून गेला, पेपरवाला विचारून गेला. शांताबाई, त्यांच्या पत्नी, प्रत्येकाला एकच सांगत राहिल्या, "मले नाई माईत. मले बोलले असते तं मी जाऊ देलं असतं का?" कागदावर लिहिण्यासारखं कारण त्या घरात नव्हतं. फादर तेवढे एकदा माझ्याजवळ बोलले. "मी त्यांना दर आठवड्याला त्या घरांत नेलं. लोकांचं सगळं दुःख ते ऐकायचे. ते कुठे ठेवत असतील, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हसतात म्हणजे झेपतंय."

मास्तर गेल्याचं कळून मी वस्तीत पोचले तेव्हा दफनाची तयारी चालली होती. वस्तीच्या दफनभूमीला दगडमातीची कमरेएवढी भिंत होती. भिंतीच्या आत क्रूस होते. बाहेर, बाभळीच्या बाजूला, काही नुसते उंचवटे होते. त्यांवर क्रूस नाही, नाव नाही. बाप्तिस्मा न होता गेलेली बाळं आणि आपल्या हाताने गेलेली माणसं, यांची ती जागा. फादरांनी मास्तरांसाठी भिंतीच्या आत खड्डा खणायला सांगितलं होतं आणि कुणी खणायला तयार नव्हतं. दानियलबाबा वस्तीतले सगळ्यात जुने. ते काठी टेकून खड्ड्याच्या जागेवरच उभे राहिले होते.

"फादर, हे माह्या बापाच्या वक्तापासून आहे. ज्यानं सोताचा जीव घेतला, त्याले भिंतीभाईर."

"बाबा, तो नियम केव्हाच गेला," फादर म्हणाले. "पुष्कळ वर्षं झाली. गावाला सांगायचं राहून गेलं. ते सांगायचं काम माझं होतं."

"नियम गेला? कुठी गेला?"

"चर्चनेच काढून टाकला. माणसाच्या मनात शेवटच्या क्षणी काय झालं, ते आपल्याला दिसत नाही, म्हणून."

मला वाटलं, म्हातारा आता नियमांवरून वाद घालेल. पण ते वळून उभे राहिले. काठीने त्यांनी भिंतीपलीकडे, बाभळीकडे दाखवलं. "मंग माह्या बहिणीनं काय केलं होतं? सोळा वर्साची होती. इहिरीत गेली. माह्या मायनं पादरीसायबाचे पाय धरले. मी पाह्यलं माह्या डोयानं. तिले तितं टाकलं… मास्तर आत जाईन, अन् माही बहीण भाईर राहीन?"

शांताबाई मास्तरांच्या उशाशी बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. मी फादरांकडे पाहत होते. ते दानियलबाबांसमोर गेले आणि हात जोडले. मग म्हणाले, "तिचं नाव काय होतं?"

"रुथ."

"रुथलाही आत घेऊ."

"आता काय हाडं उकराची तिची?"

"नाही," फादर म्हणाले. "तिला हलवायचं नाही. भिंत काढायची."

सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली ती कुणी, ते मला आठवत नाही. फादरांनी झगा कमरेला खोचला आणि पहिला घाव घातला. त्यांना ते काम जमत नव्हतं, सब्बल दगडावरून घसरत होती. दुसऱ्या घावाला दानियलबाबांनी काठी टाकली आणि त्यांच्या हातातून सब्बल घेतली. ऐंशीच्या घरातला तो माणूस, दर घावाला तोंडातून आवाज काढत, बाभळीकडची भिंत पाडत राहिला. मग बाकीचे पुढे आले. बायकांनी घमेल्यांतून दगड वाहिले. ऊन उतरेपर्यंत ती बाजू मोकळी झाली आणि भिंत जिथे होती, बरोबर तिथेच मास्तरांना ठेवलं. प्रार्थनेत फादरांनी मास्तरांच्या नावापाठोपाठ रुथचं नाव घेतलं. मग लोक आपापली नावं सांगायला लागले. कुणाचं बाळ, कुणाचा चुलता. काही बाळांना नावंच नव्हती. त्यांची आईबापांच्या नावाने आठवण झाली. इतक्या वर्षांत ही नावं त्या वस्तीत कुणी मोठ्याने उच्चारली नव्हती.

याने सगळं ठीक झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. दोन घरांनी चर्चला येणं सोडलं, ती पुन्हा आली नाहीत. मास्तरांच्या मुलीला शाळेत पोरं बापावरून बोलली, ती शाळेत जायची बंद झाली. आणि फादर आतून विझत गेले. प्रवचनाला उभे राहिले की दोन वाक्यांवर थांबत, बाजूला पाहत, जणू कुणी वऱ्हाडीत पुढे सांगणार आहे. एकदा मला म्हणाले, "मास्तरांचं भाषांतर घसरलं नव्हतं, मॅडम. मी नियम सांगितला होता. त्यांनी सुवार्ता सांगितली. आणि मला वाटतं, ते स्वतःबद्दलच सांगत होते… त्या दिवशी मी व्याकरण तपासत बसलो."

मी त्यांच्या धर्माची नाही, कुठल्याच धर्मात फार खोल गेलेली नाही. त्यामुळेच असेल, ते माझ्याजवळ बोलू शकत. प्रार्थना करता का, असं मी एकदा सरळच विचारलं. म्हणाले, "रोज. विहिरीत पोहरा सोडतो. दोर सुटत जातो, सुटत जातो, पाण्याला लागल्याचा आवाज येत नाही. तरी सोडतो. आमच्या श्रद्धेत असं म्हटलंय, की येशू मेलेल्यांच्या तळापर्यंत उतरला. देव जिथे असूच शकत नाही असं आपण समजतो, तिथे तो आधी जाऊन बसलेला आहे. हे मी आयुष्यभर शिकवलं. आता त्यावर राहून पाहतोय." अकोल्याच्या दवाखान्यातल्या आमच्या शेवटच्या भेटीत त्यांना फार बोलवत नव्हतं. हातावर सुयांचे काळेनिळे डाग होते. निघताना मी विचारलं, "शनिवार संपला का, फादर?" त्यांनी मान हलवली. नाही. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पण शनिवारी एकत्र बसता येतं."

त्यांच्या दफनानंतर तिसऱ्या आठवड्यात शांताबाईंनी मला बोलावलं. शेजारच्या गावात एका पिंजाऱ्याने, गाद्या भरणाऱ्या माणसाने, जीव दिला होता. घरी बायको सुलताना आणि तिची आंधळी सासू. "मी एकटी जात नाई. फादरनं तसं सांगितलं. तुमी चाला," शांताबाई म्हणाल्या. मास्तर गेल्यावर काही महिन्यांतच फादरांनी या कामात शांताबाईंना बरोबर घेतलं होतं, हे मला माहीत होतं. अशा घरात त्या कशा वागतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या घरात शांताबाई फार काही बोलल्या नाहीत. सुलतानाजवळ जमिनीवर बसल्या. सासू मधूनच विचारत होती, "कौन आया?" आणि शांताबाई दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत, "मी हाओ, अम्मा. मास्तरची बायको." आपली ओळख त्यांनी तीच ठेवली होती, आणि ती देताना त्यांचा आवाज खाली जात नव्हता.

परत आल्यावर मला अमरावतीची गाडी पकडायची होती. शांताबाईंनी माझी पिशवी काढून घेतली आणि ओट्यावर सतरंजी टाकली. काळा चहा आणून ठेवला. समोर बसल्या.

"बोला."

"काय बोलू?"

"तितं जे आईकलं, पाह्यलं, ते. इथी ठेवून जा. फादरचा नेम होता हा. कोणाच्याई घरून आलं का अदी इथी बसाचे. अंदरचं सारं बोलाचे, मंग मले बोलाले लावाचे. त्याच्याशिवाय उठू देत नोहते. म्हणत, शांताबाई, मास्तरले मी हे एकदाई इचारलं नाई."

मी हसून टाळणार होते. इतकी वर्षं वर्गात दुष्काळ शिकवले, मरणांची कारणं फळ्यावर लिहिली, आपल्याला हे झेपतं असं वाटत होतं. मग मी सुलतानाच्या हातांबद्दल सांगायला लागले. ती बोलताना सारखी बोटांवरून कापसाचे धागे काढल्यासारखं करत होती, आणि बोटांवर काहीच नव्हतं… सांगता सांगता मी रडायला लागले. गाडी गेल्याचा आवाज आला, तरी शांताबाई उठल्या नाहीत. माझं सगळं बोलून झालं, डोळे पुसून झाले, तेव्हा त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि पदर सारखा करून म्हणाल्या,

"आता माही पाळी."