तिकीट एक तांब्या पाणी

आमच्या घरमालकीणबाईंइतका झाडांना जीव लावणारा आणि माणसांचा जीव खाणारा दुसरा प्राणी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. आर्णीला मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो, म्हणजे शाळेत तसं सांगत होतो. प्रत्यक्षात मी त्यांच्या बागेचा एक नळ होतो. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजीचं मोगऱ्याला, आणि आंघोळीचं टबात धरून जास्वंदीला. त्यात साबण बेताने, कारण जास्वंदीला तो मानवत नाही. मला मानवतो की नाही, हे कुणी विचारलं नाही. एकदा सकाळी घाईत मी दाढीचा मग मोरीत रिकामा केला, तर भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "सर, कायले सांडलं ते?" अहो, एक मग! त्यात अर्धा फेस! पण काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या तेव्हा ते दोन दिवस बरे होते असं वाटलं.

गावात एक बागप्रेमी मंडळ होतं आणि काकू त्याच्या सभासद होत्या. बाकीचे सभासद म्हणजे ज्यांच्या हिरवळीवर टँकर रिकामे होतात अशी बडी मंडळी. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आमच्या रस्त्याच्या कडेने कडुनिंबाची रोपं लावली. एकेका रोपाला सगळ्या कार्यकारिणीने हात लावून फोटो काढले, आणि मग त्या रस्त्याला कुणी फिरकलं नाही. उन्हाळ्यात नळ चार-चार दिवस येईना, रोपांनी माना टाकल्या, आणि काकू गुडघ्यावर हात ठेवत एकट्या बादल्या वाहू लागल्या. "फोटो काढाले सारं गाव आलं, अन् पानी टाकाले कोनी नाई," त्या रोज म्हणत. मला त्या मंडळाचा संताप यायचा. काकूंचाही यायचा, कारण दुसरी बादली माझ्या हातात असायची.

अशा ऐन एप्रिलात मंडळाने जाहीर केलं की पर्यावरण संवर्धनावर दोन संध्याकाळी चित्रपट महोत्सव होणार, सर्वांना प्रवेश खुला. काकूंनी अंगण दिलं, पडद्यासाठी भिंतीला नवा चुना दिला आणि एकच अट घातली: प्रत्येकाने घरून तांब्याभर पाणी आणायचं, रस्त्यावरच्या रोपाला घालायचं, मगच आत यायचं. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर होते. त्यांना वाटलं, बाई विनोद करताहेत. मी त्यांना सावध करू शकलो असतो, पण भाडेकरूला कोण विचारतो?

पहिल्या संध्याकाळी काकू फाटकात उभ्या राहिल्या. लोक कुरकुरत का होईना, तांबे, बाटल्या, दुधाच्या किटल्या घेऊन आले. मग प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. खिशात संवर्धनावरचं भाषण, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता. काकू म्हणाल्या, "पानी?" पाहुणे हात जोडून म्हणाले, "नको, आत्ताच चहा झाला." "तुमाले नाई, झाडाले!" शेवटी ड्रायव्हरच्या बाटलीतलं पाणी पाहुण्यांनी स्वतः घातलं. त्यातलं निम्मं बुटावर गेलं, आणि रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काकूंनी मात्र त्या दिवशी एकही सिनेमा पाहिला नाही. पडद्याकडे पाठ करून त्या फाटकातच होत्या, आणि अधूनमधून मला बोलावून विचारायच्या, "आता काय चाललं?"

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीचा निरोप आला: पाहुण्यांचा अपमान झाला, महोत्सव मंगल कार्यालयात हलवला आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंवर चिडण्याचा हक्क माझा होता, भाडं भरून मिळवलेला. हे कोण लागून गेले? काकू मात्र म्हणाल्या, "तुमी जा, सर. मले कोठी पिच्चरचं कौतुक हाय?" आणि चुन्याच्या ताज्या भिंतीकडे बघत बसल्या.

मी गेलो. कार्यालयात मोठाले कूलर घोंघावत होते आणि प्रत्येक खुर्चीवर पाण्याची सीलबंद बाटली होती. शेवटचा सिनेमा एका कोरड्या गावाचा होता. सगळं गाव मिळून बुजलेली विहीर उपसत होतं. लोक हळहळत होते, दोन घोट पीत होते आणि बाटली खुर्चीखाली ठेवत होते. तेवढ्यात काकू दोन बादल्या घेऊन आत आल्या आणि रांगेरांगेतून अर्ध्या बाटल्या बादलीत ओतू लागल्या.

डॉक्टर कुजबुजले, "काकू, हे शोभतं का?"

"सोडून जानं शोभते, अन् उचलनं शोभत नाई?"

ओततओतत त्या पडद्यासमोर आल्या, वर पाहिलं आणि तिथेच थबकल्या. "बाजूला व्हा!" लोक ओरडले. मी त्यांना धरून माझ्या खुर्चीवर बसवलं. मांडीवर बादली घेऊन त्या विहिरीकडे बघत राहिल्या, आणि चार मिनिटांत सिनेमा संपला. "संपला?" त्यांनी विचारलं. इतका लहान आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

बादल्या घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. पहिल्या रोपाशी त्या म्हणाल्या, "सुरुवातीले काय होतं?" मी पाणी घालत सांगू लागलो. चार रोपं झाली तरी माझी विहीर सापडलीच नव्हती. काकू म्हणाल्या, "राहू द्या, उद्या सांगा. उद्याई पानी टाकाच लागते." दुसऱ्या दिवशी मी गावात एक भांडखोर सरपंच घातला, मग त्याची सासू, मग एक हरवलेली म्हैस. अर्ध्या तासाचा तो माहितीपट मी अख्खा उन्हाळा पुरवला. काकूंना ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्या फक्त म्हशीची चौकशी करायच्या.

आता माझी बदली नेरला झाली आहे. इथे मी दाढीचा मग खुशाल मोरीत ओततो, आणि कुणी काही म्हणत नाही. परवा काकूंचा फोन आला. नवा भाडेकरू पाणी घालतो, पण तोंडाने काही बोलत नाही, अशी तक्रार होती. मग म्हणाल्या, "सर, त्या इहिरीले पानी लागलं का मंग?"

मी म्हटलं, "नाही काकू. अजून खणताहेत."