मामाजींचे कार्थेज

कार्थेज पडले म्हणून डोळ्यांतून खरे पाणी काढणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी गावातल्या शाळेत मराठीचा वर्ग सांभाळत. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण दोन हजार वर्षांपूर्वी रोमने जाळलेल्या त्या बंदराच्या गल्ल्या त्यांना बालाघाटच्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ होत्या. बालाघाटात ते चुकतही असत. रोममधला एक म्हातारा म्हणे प्रत्येक भाषणाच्या शेवटी कार्थेज नष्ट करा म्हणायचा. मामाजी कोणत्याही बोलण्याच्या शेवटी ते पुन्हा वसवायचे. खैरलांजीची बस चिखलात रुतली की बाकीचे उतरून धक्का मारत आणि मामाजी खिडकीतून कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने हत्ती बर्फाच्या डोंगरावर कसे चढवले ते सांगत. वेढा पडला तेव्हा तिथल्या बायकांनी दोरखंडांसाठी आपले केस कापून दिले, हे ते सासूबाई वेणी घालायला बसल्या की हटकून सांगायचे. "माहे मांगू नका म्हंजे झालं," एवढेच त्या म्हणत.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेले, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. त्यानंतर मराठीच्या वर्गातली पोरे दरवर्षी गळू लागली. शेवटी एका वर्षी शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सांगून टाकले की दिवाळीपर्यंत पोरे वाढली नाहीत तर वर्ग बंद. मामाजींना नोकरीची धास्ती नव्हती. हिंदीच्या वर्गावर त्यांची सोय लागणारच होती. पण वर्ग जाणार म्हटल्यावर त्यांचे जेवण उडाले. सायकल काढून ते गावोगाव आईबापांची मनधरणी करू लागले आणि पोळ्याच्या दिवशी मलाही सोबत घेऊन लालबर्ऱ्याकडच्या एका गावी गेले.

पोळ्याला आमच्या भागात तोरणाखाली बैल उभे करतात आणि त्यांच्यासमोर झडत्या, म्हणजे खटकेबाज कवने, म्हणतात. ज्याची झडती रंगते त्याचा शब्द त्या दिवशी गावात चालतो, असा मामाजींचा हिशेब. त्यांनी स्वतः रचलेली झडती आणली होती. शिंगे रंगवलेले, पाठीवर झुली टाकलेले बैल समोर, सारा गाव गोळा झालेला, आणि मामाजींनी कार्थेजची स्थापना सुरू केली. परदेशातून पळून आलेल्या राणीने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून तिने अख्खी टेकडी वेढली. खरे तर गोष्ट झकास आहे. पण वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस सोडून ती पोळ्याला सांगायला इतिहासवेडा मास्तरच लागतो.

वाजंत्री थांबली. पाटील पुढे आले. "गुरुजी, सणाच्या दिसी बैलाचं कातडं काहून काढून राह्यले तुमी?"

"मी नाई काढलं जी, राणीनं काढलं," मामाजी म्हणाले.

गाव हसले म्हणून आम्ही वाचलो. पाटीलही हसले, पण माणूस पक्का होता. "पोट्टे पाठवू म्हना, काई हरकत नाई. पन तुमची नात आता शाळेत जात असन. ते मराठीतच हाय ना?"

"हौ तं! मंग कुठं राहीन?" मामाजी छाती काढून म्हणाले आणि साक्षीसाठी माझ्याकडे पाहू लागले.

मी भरवेलीच्या खाणीच्या ऑफिसात कारकून. आम्ही तिथल्या कॉलनीत राहत होतो आणि जुलैतच मी मुलीचे नाव हिंदी शाळेत घातले होते. पुढे तिचे अडायला नको, असा शहाणा विचार केला होता. तो मामाजींना सांगण्याएवढी हिंमत मात्र झाली नव्हती. मी एका बैलाच्या झुलीकडे बघत राहिलो. पाटील समजले. त्यांनी आम्हाला पुरणपोळी वाढली, आग्रह केला, पोरांचा विषय पुन्हा काढला नाही.

परतताना सायकली हातात धरून आम्ही बराच वेळ चाललो. मी सगळे कबूल केले. मामाजी रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, "उन्ह लई हाय, जवाईबापू. टोपी घाला." बालाघाट येईपर्यंत त्यांनी कार्थेजचे नावसुद्धा काढले नाही, आणि एवढा लाजिरवाणा प्रवास मी दुसरा केला नाही.

दिवाळीनंतर वर्ग बंद झाला. मामाजी रविवारी कॉलनीत येत आणि नातीला गोष्ट सांगत. तिच्यासाठी हिंदीत सांगत. मराठीत धबधब्यासारखे बोलणारा माणूस हिंदीत एकेक शब्द चाचपून पुढे सरकायचा.

"नानाजी, वहाँ के लोग कौन सी भाषा बोलते थे?" एकदा तिने विचारले.

"अपनी बोलते थे, बेटा."

"अब कौन बोलता है?"

"अब कोई नहीं."

मी ओसरीवर पेपर घेऊन बसलो होतो. मला एकदम भीती वाटली. मी तिला मोठ्याने मराठीत हाक मारली, "चाल वं बाई, जेवाले ये."

"आती हूँ, बाबूजी," ती जागेवरूनच म्हणाली.