नकुशीची हौशी

मला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं लोकांची बरीच वायफळ बडबड वाचली. पण मी लिहिते, वाचते, वेळ पडली तर बोटांनी भांडतेसुद्धा. ही सगळी खुर्शिदमावशींची कृपा.

मावशी दौंडच्या. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमारास त्या आमच्या पाटसच्या बाजारात बांगड्या भरायच्या. लहानपणी थोरांसमोर चोरून गप्पा मारता याव्यात म्हणून त्या मैत्रिणींबरोबर करपल्लवी शिकल्या होत्या. हाताचं कमळ केलं की क-ची ओळ. मग एक बोट म्हणजे क, दोन म्हणजे ख. ती चोरटी विद्या त्यांनी माझ्या कामी लावली. वस्तू दाखवायच्या, बोटांनी अक्षरं करायच्या आणि तीच फुटक्या काचेनं धुळीत लिहायच्या. प्रत्येक गोष्टीला नाव असतं हे मला कळलं, तेव्हा दिसेल त्याला हात लावून मी नाव विचारत सुटले. शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मावशी जरा थांबल्या, मग त्यांनी बोटांनी सांगितलं, हौशी.

शाळेत गुरुजी मला घेईनात. माझी आई, तिचं नाव धुरपदा, मावशींना घेऊन गेली आणि गयावया करू लागली. तेव्हा ते म्हणाले, "स्वतःचं नाव लिहून दाखवू दे, मग बघू." मावशींनी खुणावलं, तसं मी पाटीवर लिहिलं. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. पुढचं बोलणं मावशींनी मला नंतर बोटांनी सांगितलं.

"चुकलं. हिचं नाव नकुशी ना?"

चौथी मुलगी झाली, आता पुरे, म्हणून ठेवलेलं ते नाव. शेवटची शी तेवढी दोन्हींत सारखी.

"म्याच शिकवलं, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "आपुन कुणाला नको हाय, हे पोरीला तिच्याच बोटांनी कसं लिवायला लावू?"

आईनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "चुकलं ते आमचं. पोरीनं बराबर लिवलंय. तेच नाव घाला."

गुरुजी तसे भले. त्यांनी हौशी म्हणूनच मला शाळेत घेतलं.

मावशी आता नाहीत. त्यांनी मला अक्षरं दिली, नावही दिलं. आई शेवटपर्यंत लिहायला शिकली नाही. पण मला बोलवायचं असलं की ती चुलीपुढनं उठून माझ्यासमोर यायची, आणि राखेनं माखलेल्या बोटांनी माझं नाव करायची.