पंपावरचा ओला नॅपकिन

जुनी गाडी बाळगणाऱ्याला स्पेअर पार्ट मिळत नाहीत, किस्से मात्र घरपोच येतात! आम्ही ग्वाल्हेरचे चौघे दर रविवारी सकाळी गाड्या बाहेर काढतो. सगळ्यात जुनी गाडी शिर्के काकांची, म्हणून निम्मे किस्से त्यांचेच.

*

काकांची गाडी चालताना गुणी, बंद केली की तापते. पंखा थांबतो, इंजिनाची धग बॉनेटखाली कोंडते आणि पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. मग अर्धा तास सेल्फ मारत बसा, ढिम्म हलत नाही. म्हणून आमचा नियमच आहे: थांबलं की आधी बॉनेट वर, पंपावर ओला नॅपकिन, मग चहा.

*

एकदा भाच्याच्या मुंजीसाठी टोपी बाजारात पगडी घ्यायची होती. काकांनी इंजिन बंदच केलं नाही. पगड्या गाडीपाशी मागवल्या आणि आरशात बघून एकेक घालून पाहिली. दुकानदार म्हणाला, "साहब, दूल्हा भागा जा रहा है क्या?"

*

काकूंना थांबणं ठाऊकच नाही. थाटीपुरातल्या एका लग्नाहून दुपारी निघताना उन्हात तापलेली गाडी अडली. "तुम्ही बसा हिला वारा घालत, मला वेळ नाही," म्हणून त्या सवारीच्या टेम्पोनं निघून गेल्या. काका घरी पोचले तेव्हा काकूंचा चहा होऊन कपही विसळून झाला होता. त्यानंतर कित्येक वर्षं त्या गाडीत बसल्या नाहीत.

*

यंदा मे महिन्यात काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, कंपू भागातल्या हॉस्पिटलात. आम्ही सगळेच धास्तावलो होतो. काका तर बाकावर बसून एवढंच म्हणायचे, "ती घरी आली पाहिजे, बस."

काकूंना हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली त्या दिवशी काका हट्टानं आपलीच गाडी घेऊन आले. कडुनिंबाच्या सावलीत लावली आणि धावत वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते बॉनेट उघडायला विसरले.

कागद दहा मिनिटांत झाले. काकूंना आम्ही हळूच मागच्या सीटवर बसवलं. काकांनी सेल्फ मारला. ढिम्म. काकांचा चेहरा बघवेना.

"मामा, मैं कैब बुला देता हूँ," भाचा म्हणाला. काकांनी खाली बघतच मान डोलावली.

काकूंनी त्याला हातानंच थांबवलं. पिशवीतून नॅपकिन काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, खिडकीबाहेर पिळला आणि काकांपुढे धरला.

"पंपावर घाला. आणि मग इथे माझ्याजवळ येऊन बसा. मला घाई नाही."