पाचशेची कोरी नोट

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेली नाही. मुलाजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळते — आता बोला! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही नाही. तीन वेळा वही उघडली आणि तीन वेळा उठून भांडी घासली. एका माणसाची भांडी असतात तरी किती, पण घासली.

आधी माझी ओळख. मी कृषी सहायक होते — गावोगाव फिरून बियाणं, खत, किडी यांबद्दल सांगणारी सरकारी बाई. सगळी नोकरी सेनगाव तालुक्यात गेली. लोक मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझा सगळ्यात लाडका कार्यक्रम म्हणजे उगवण चाचणी. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं पोतं उघडायचं, मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर पेरा, नाही तर बियाणं बदला. पिशवीवरच्या चित्राला भुलू नका, दाणा ओला करून बघा — हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

ऐकायचे थोडे, माना डोलवायचे सगळे. ज्यांनी खरंच ऐकलं त्यांत कमल होती. सेनगावपासून जीपनं अर्ध्या तासावर तिचा तांडा. शिवणकाम करायची, बकऱ्या पाळायची, बचत गटाचं अध्यक्षपद सांभाळायची. एका वर्षी तिच्या नवऱ्यानं दुकानातून आणलेलं बियाणं तिनं ओल्या पोत्यात बांधलं, उगवलं नाही म्हणून पिशव्या जीपमध्ये घालून दुकानदाराच्या दारात नेऊन टाकल्या. नवरा महिनाभर तोंड फुगवून होता. तेव्हापासून ती माझी — मैत्रीण म्हणू का? तो शब्द वापरायचा हक्क मला राहिला आहे का, ते पुढे तुम्हीच बघा.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी माझे यजमान गेले. मग नोकरी संपली आणि फोन वाजायचा थांबला. पानं पिवळी पडली की लोक आता फोटो काढून मोबाइललाच विचारतात. मुलगा बंगळुरूला. दर रविवारी फोन करतो, पण ते बोलणं बीपीच्या गोळीपासून सुरू होऊन बीपीच्या गोळीपाशीच संपतं. बाजाराच्या दिवशी मात्र कमल यायची. भाजीची पिशवी दारात टेकवायची, चहा घ्यायची, तास-दीड तास बसायची. उरलेले सहा दिवस मी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी बोलायचे. ती चुकली की तिला दुरुस्तही करायचे.

अशात कुणीतरी मला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन — विकत घ्यायचं, भाव वाढला की विकायचं. हा व्यवहार ज्या ॲपवर होतो त्या दुकानाला एक्स्चेंज म्हणतात. ग्रुपमधला एक जण रोज सकाळी विचारायचा, मॅडम, चहा झाला का? हसू नका. तुम्हाला रोज कुणी विचारत असेल तर हे कळायचं नाही. त्यानं पाठवलेल्या लिंकवरून मी एक्स्चेंजचं ॲप घेतलं. नेहमीच्या ठिकाणी ते मिळत नव्हतं, कागदपत्रं मागत नव्हतं, कुणाची कंपनी, कुठलं ऑफिस, काही लिहिलेलं नव्हतं. निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा मी त्यात टाकला. आकडा दिवसागणिक फुगत होता. त्यातून एक रुपयासुद्धा काढून बघितला नाही. मी! उगवण चाचणीवाली बाई!

तो फुगलेला आकडा मी कमलला दाखवला. कौतुकानंच दाखवला. तिला तांड्यावर मिरची कांडपाचं मशीन घ्यायचं होतं. बकऱ्या विकून पैसे जमवले होते, थोडे कमी पडत होते. ती आकड्याकडे बघत राहिली, पण लगेच हुरळली नाही. पुढच्या बाजारी येताना तिनं दुसऱ्या एका एक्स्चेंजचं नाव कागदावर लिहून आणलं. गटातल्या एका बाईच्या जावयानं सांगितलेलं — सरकारकडे नोंद असलेलं, आधार-पॅन मागणारं. पाचशेच्या दोन नोटा माझ्या हातात दिल्या.

“मॅडम, पैसे घ्यायला तर समदेच तयार हायेत. वापस देतेत का, ते बघावं लागंल. दोन वाण दोन पोत्यांत बांधू. तुमीच बांधा, तुमचा हात बराबर हाय.”

नवख्या माणसानं एक्स्चेंज कसं निवडावं हे याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. थोडे टाका, परत मागा, आले तर पुढचं बघा. कमल चौथीपर्यंत शिकलेली.

मी कामाला लागले, आणि सांगते, खूप दिवसांनी मला बरं वाटत होतं. तिच्या कागदावरच्या एक्स्चेंजनं जीव खाल्ला. आधार घेतलं, पॅन घेतलं, चेहऱ्याचा फोटो चार वेळा नापास केला, कारण माझ्या खोलीत उजेड कमी. शेवटी दारात उभी राहून काढला. मंजुरीला तीन दिवस. मग पाचशे भरले, थोडं चलन घेतलं, विकलं, पैसे परत मागवले. शुल्क आणि कर कापून आले, पाचशेला थोडे कमी. पण आले — माझ्या खात्यात, माझ्या नावावर.

मग माझ्या ॲपवर दुसरे पाचशे भरले आणि ‘पैसे काढा’ दाबलं. उत्तर आलं, आधी सुरक्षा रक्कम भरा. म्हटलं, रक्कम लहान आहे म्हणून असेल. स्वतःच्या पैशांतले पाच हजार मागितले. तेच उत्तर. सगळे मागितले. तेच. चहा विचारणाऱ्याला लिहिलं, तर तो म्हणाला, आधी कर भरा, मग सगळे एकदम मिळतील. दुपारचे तीन वाजले होते. वर पंखा फिरत होता. मला संशय आला असं मी म्हणणार नाही — मला कळलं. बोगस बियाण्याची पिशवी मी नुसत्या शिवणीवरून ओळखत आले होते.

बाजाराला दोन दिवस होते. या दोन दिवसांत मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. ‘कमल, मी फसले.’ आरशासमोर म्हणूनही बघितलं.

ती आली. पिशवी टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, उगवलं का? मी तिच्या कागदावरच्या एक्स्चेंजचे पैसे दिले, चारशे आणि वर सुटे. मग — इथे माझा हात थांबतो आहे — मग मी कपाटातून पर्स काढली, माझ्या पेन्शनमधली पाचशेची नोट घेतली आणि तिच्यासमोर ठेवली. “आले,” म्हणाले. एवढाच शब्द. नोट कोरी होती.

तिनं दोन्हीकडे आळीपाळीनं बघितलं. “ह्यानं कापले, त्यानं पुरे देले. मंग झालंच की.”

निदान दहा-वीस रुपये कमी करून द्यायचे, नाही? इतकंही मला सुचलं नाही. खऱ्या दुकानाचा खरा हिशेब तिला खोटा दिसला आणि माझी नोट खरी. कितीतरी दिवस मी मनाला समजावत होते की यात टाक असं मी तिला एका शब्दानंही म्हटलं नाही. म्हटलं नव्हतंच. तुम्हाला पटतं का? मला ते बरेच महिने पटत राहिलं.

पुढच्या तीन बाजारांना तिनं तीन वेळा पैसे टाकले, माझ्याच खोलीत बसून. पिन तिनं दाबला, बाकीची बटणं मी. तिसऱ्या वेळी ती थांबली. “दर येळी पैसे येगळ्याच मानसाच्या नावावर काहून जाऊन राहिले मॅडम?” बघा, तिचं लक्ष कुठे होतं! मी म्हटलं, एजंट वेगवेगळे असतात. ती बरं म्हणाली आणि तिनं पिन दाबला. तेव्हासुद्धा मी तिचा हात धरू शकले असते. दोन वितीवर होता तो हात.

दीड महिन्यानं हिंगोलीच्या दुकानदारानं मशीन वेगळं काढून ठेवलं आणि कमल पैसे काढायला आली. काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं. चांगलं केलं असावं, कारण तिनंच मला पाणी आणून दिलं.

मग तिनं पोलिसांत जाऊ म्हटलं. अशा फसवणुकीची तक्रार लवकर केली तर कधी कधी पैसे मधेच अडवता येतात, हे मला ठाऊक होतं. पण तक्रार म्हणजे माझाही फोन दाखवावा लागणार. माझ्या फोनमध्ये तारीख होती — मी पैसे मागितले आणि मिळाले नाहीत ती तारीख, नोट देण्याच्या दोन दिवस आधीची. मी म्हटलं, काही होत नसतं कमल, उलट तुलाच दहा प्रश्न विचारतील. ती कुणाला न भिणारी बाई, पण ठाण्याची पायरी चढायला भिते हे मला माहीत होतं. मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ती गेली नाही.

उलट जाताना म्हणाली, “तुमी तपासलं तवा ते चांगलंच व्हतं मॅडम. मागून नासलं. तुमचे बी गेलेच की.”

का केलं मी हे? आधी वाटायचं, अब्रूसाठी. आयुष्यभर लोकांना तपासून घ्या म्हणणारी बाई स्वतः न तपासता लुटली गेली, हे सांगायची लाज. ते खरं आहे. मग वाटलं, ती यायची बंद होईल या भीतीनं. तेही खरं आहे, तिच्या कागदावरचं एक्स्चेंज तिनं घरी बसून चालवलं असतं, माझी गरज काय होती? पण या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी आहे, आणि मी इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरते आहे.

त्या दुपारी तीन वाजता पैसे गेल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी वाटलं ते हे — की यातही मी एकटीच. घरात एकटी, सणाला एकटी, आता फसले तीही एकटी. आणि बाजाराच्या दिवशी कमल समोर बसली होती, पाय पसरून, विश्वासानं. ती बुडाली तर आम्ही दोघी असू. हे मी तेव्हा शब्दांत म्हटलं नव्हतं. पण नोट पुढे करताना आत जरा ऊब आल्यासारखं वाटलं होतं. ते मला आठवतं. मी तिला सोबतीला ओढलं. जिला माझ्याबद्दल सगळ्यात जास्त माया होती, तिलाच.

तिचे पैसे मला पेन्शनमधून थोडेथोडे फेडता आले असते. फेडले नाहीत. का देता म्हणून तिनं विचारलं असतं. मशीन तांड्यावर आलं, दुसऱ्या एका बाईनं घेतलं. कमल हंगामात तिच्याकडे मिरच्यांचे देठ खुडायला जाते. माझ्याकडे येते तेव्हा तिचे डोळे लाल असतात, आणि मिरचीमुळे आहेत असं ती न विचारता सांगते. ती अजूनही येते. मला जे हवं होतं ते मिळालं. आम्ही दोघी बसतो, चहा घेतो, आणि माझ्या खोलीत मला पूर्वी कधी वाटलं नाही इतकं एकटं तेव्हा वाटतं.

मागच्या बाजारी तिनं गटातल्या दोन बायकांना सोबत आणलं. त्यांतल्या धाकटीच्या मोबाइलवर असंच एक ॲप होतं, मला दाखवायचं होतं. मी चष्मा लावला, नीट बघितलं आणि खरं ते सांगितलं. यात पैसे टाकू नका, हे दुकान खोटं आहे. फार सोपं गेलं. कमलचा चेहरा असा फुलला, जणू तिलाच कुणी शाबासकी दिली.

“म्हनून म्हनते, मॅडमला इचारल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई.”

धाकटी उठली, पदर सावरला, आणि जाताजाता वाकून माझ्या पायांना हात लावला. कमल बघत होती. मी पाय मागे घेतले नाहीत.